डॉ. सुरेश अडवाणी : एका कर्करोगचिकित्सकाचे कार्य व आपले कर्तव्य

स्मरणिकेच्या पानांतून दरवर्षी ज्या कर्तबगार पुरुषांची चरित्रे प्रसिद्ध होतात, ते बहुधा आपल्याच ज्ञातीतील असतात, आणि ते योग्यच आहे. आपल्या माणसांची आठवण आपण ठेवली नाही तर ती ठेवणार कोण? यंदा मात्र आम्ही ज्यांच्याविषयी लिहिण्याचे योजिले आहे ते गृहस्थ आपल्या ज्ञातीचे नाहीत, कोल्हापूरचे नाहीत आणि त्यांची मातृभाषाही मराठी नाही. तरीसुद्धा त्यांच्या कार्याचा संबंध आपल्या घरांशी येतो. कर्करोग हा रोग ज्ञाती पाहून येत नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या अनेक कुटुंबांतून त्याने प्रवेश केला आहे आणि दरवेळी आपण त्याचे नाव दबक्या आवाजात घेतले आहे. ज्या रोगाचे नाव उच्चारण्याचेही धैर्य होत नाही, त्याच्याशी एका अपंग मनुष्याने आयुष्यभर कसा सामना दिला, हे आपल्या तरुण पिढीस ठाऊक असावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास सांगणे अवश्य आहे. आपल्या हाडांच्या पोकळीत जो मगज असतो त्यास अस्थिमज्जा म्हणतात. रक्तातील तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी व रक्त गोठविणाऱ्या बिंबिका या तिन्हींचा तो कारखाना होय. या कारखान्यात पांढऱ्या पेशी अर्धवट व बेसुमार तयार होऊ लागल्या, म्हणजे तांबड्या पेशींना व बिंबिकांना जागाच उरत नाही. मग रोगी फिकट पडतो, ताप हटत नाही, हिरड्यांतून रक्त येते, अंगावर मार न लागता काळेनिळे डाग उठतात. हाच रक्ताचा कर्करोग. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्खो याने १८४७ साली त्यास जे नाव दिले त्याचा अर्थ ‘पांढरे रक्त’ असा होतो. नाव मिळाले, परंतु औषध मिळण्यास पुढे शंभर वर्षे लागली.

याच रोगाने १८ जून १९३१ रोजी लेडी मेहेरबाई टाटा यांचे वेल्समध्ये निधन झाले. जमशेटजी टाटांच्या या सुनेस जगात उपलब्ध असलेला कोणताही उपचार दुर्लभ नव्हता. परंतु त्या काळी उपचारच नव्हता, तेथे द्रव्य काय करणार? त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांनी १९३२ साली पत्नीच्या स्मरणार्थ रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी विश्वस्त निधी स्थापन केला आणि त्याच वर्षी जून महिन्यात त्यांनीही देह ठेवला. त्यांच्या संपत्तीतून निर्माण झालेल्या न्यासाने मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उभारले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. १९५७ साली ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे व १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे आले. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्यासारखे विकृतिशास्त्रज्ञ आणि डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्यासारखे शल्यविशारद या संस्थेने देशास दिले. रुग्णालयासमोरील रस्त्यास आज डॉ. बोर्जेस यांचेच नाव आहे. तथापि खानोलकरांचे क्षेत्र सूक्ष्मदर्शकाचे, बोर्जेस यांचे शस्त्रक्रियेचे. रक्ताच्या कर्करोगात कापून काढावे असे काहीच नसते. तो सर्व देहात वाहत असतो. ज्या रोगाच्या दुःखातून ही संस्था जन्मास आली, त्या रोगावर तेथे विजय मिळविण्यास आणखी चाळीस वर्षे जावी लागली, आणि त्या विजयाचे मानकरी डॉ. सुरेश अडवाणी होत.

डॉ. अडवाणी यांचा जन्म १ ऑगस्ट १९४७ रोजी कराची येथे एका सिंधी कुटुंबात झाला. जन्मानंतर दोनच आठवड्यांनी देशाची फाळणी झाली आणि लक्षावधी सिंधी कुटुंबांप्रमाणे हे कुटुंबही भारतात आले. निर्वासित सिंधी बांधव म्हणजे काय, हे कोल्हापूरकरांस सांगावयास नको. आपल्या नगरीच्या वेशीवर वळीवडे येथे दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. त्याच ठिकाणी पुढे सिंधी निर्वासित आले, आणि त्यांनी रिकाम्या हातांनी उभारलेली गांधीनगरची कापडपेठ आपण सर्वजण पाहतोच. लग्नसराईत तेथे न गेलेले आपल्यात कोण असेल? घरदार गमावूनही हात पसरावयाचे नाहीत, हा त्या समाजाचा बाणा डॉ. अडवाणी यांच्या चरित्रातही दिसून येतो.

वयाच्या आठव्या वर्षी या बालकास पोलिओने गाठले आणि त्याचे पाय कायमचे गेले. दैवाचा खेळ असा की, ज्या सुमारास हे घडले त्याच सुमारास, म्हणजे १९५५ साली, अमेरिकेत डॉ. जोनास साल्क यांची पोलिओप्रतिबंधक लस यशस्वी ठरल्याचे जाहीर झाले होते. ती आपल्याकडील मुलांपर्यंत पोचण्यास फार अवधी लागला. भारत पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र मिळाले ते २०१४ साली. आज आपल्या नातवंडांना या रोगाचे नाव केवळ पुस्तकात आढळते. परंतु आमच्या पिढीतील शिक्षकांना वर्गात कुबड्या घेऊन येणारी मुले आठवतात. अशी मुले बहुधा मागच्या बाकावर बसत आणि चौथी-सातवीनंतर पटावरून त्यांची नावे कमी होत. बुद्धी कमी म्हणून नव्हे; पुढील शाळा दूर असे म्हणून.

सुरेश अडवाणी यांचे नाव पटावरून कमी झाले नाही. त्यांनी डॉक्टर होण्याचे मनात धरले आणि मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेशासाठी अर्ज केला. गुण पुरेसे असूनही अपंगत्वाच्या कारणावरून त्यांना प्रथम नकार मिळाला. त्या काळी अपंगांच्या हक्कांचा कायदा नव्हता. तो संसदेने संमत केला १९९५ साली. त्यामुळे न्याय मागण्यास कलम नव्हते, केवळ चिकाटी होती. त्यांनी नकार अंतिम मानला नाही, पुन्हा दाद मागितली आणि अखेर प्रवेश मिळविला. चाकांच्या खुर्चीत बसून त्यांनी शिक्षण पूर्ण केले व वैद्यकशास्त्राची उच्च पदवीही संपादन केली. ज्या जे. जे. रुग्णालयाच्या जिन्यांवर धडधाकट विद्यार्थीही दमतात, तेथे हे घडले आहे हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

पुढे त्यांनी क्षेत्र निवडले ते औषधांनी कर्करोग बरा करण्याचे. आज हे शास्त्र सर्वश्रुत आहे, परंतु त्या वेळी ते आपल्या देशात बाल्यावस्थेत होते. कर्करोग म्हणजे शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार, अशीच समजूत होती. औषधांचा मार्ग प्रथम दाखविला तो बोस्टनच्या डॉ. सिडने फार्बर यांनी १९४८ साली. रक्ताच्या कर्करोगाने पीडित मुलांना त्यांनी जे औषध दिले ते लेडर्ली प्रयोगशाळेत तयार झाले होते, आणि त्या प्रयोगशाळेच्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्या औषधाने मुले काही महिने सुधारली आणि रोग पुन्हा उलटला. परंतु जो रोग कशालाच दाद देत नव्हता तो औषधाला वाकतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले. एका भारतीयाच्या बुद्धीचा त्यात वाटा होता, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांतून अधिक ठळकपणे यावयास हवी.

यापुढचा टप्पा म्हणजे अस्थिमज्जारोपण. कारखानाच बिघडला असेल तर तो संपूर्ण पाडून नवा बसवावा, अशी ही कल्पना. प्रथम तीव्र औषधांनी, प्रसंगी सर्वांगावर किरण सोडून, रोग्याची मज्जा नष्ट करावयाची. मग जुळणाऱ्या दात्याच्या कमरेच्या हाडातून, त्यास भूल देऊन, सुईने मज्जा काढावयाची व ती रोग्याच्या शिरेतून रक्तासारखी सोडावयाची. त्या पेशी आपण होऊन हाडांत जाऊन वस्ती करतात आणि दोन-तीन आठवड्यांत नवे रक्त तयार होऊ लागते. ऐकावयास हे सोपे वाटते. परंतु त्या आठवड्यांत रोग्याजवळ रोगप्रतिकारक शक्ती मुळीच नसते आणि साधा जंतूदेखील त्याचा प्राण घेऊ शकतो. ही विद्या सिद्धीस नेली अमेरिकेतील डॉ. डोनल थॉमस यांनी. त्यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या सिॲटल येथील संस्थेत जाऊन डॉ. अडवाणी यांनी ही विद्या आत्मसात केली. ते तेथेच राहू शकले असते. परंतु शिकलेली विद्या घेऊन ते परळला परतले.

१९८३ सालच्या मार्च महिन्यात टाटा रुग्णालयात नऊ वर्षांच्या एका मुलीवर त्यांनी अस्थिमज्जारोपण केले. तिला रक्ताचा तीव्र कर्करोग होता व औषधांनी तो तात्पुरता आटोक्यात आणला होता. तिच्या भावाची मज्जा तिच्याशी जुळली. हा प्रयोग यशस्वी झाला, आणि भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जारोपण म्हणून त्याची नोंद झाली. मेहेरबाई टाटांच्या निधनास तेव्हा जवळजवळ बावन्न वर्षे झाली होती. एका घरातील स्त्री ज्या रोगाने गेली, त्याच घराने बांधलेल्या रुग्णालयात दुसऱ्या घरातील मुलगी त्याच जातीच्या रोगातून वाचली. इमारती बांधून त्यांस नावे देणारे पुष्कळ असतात. इमारतीचा हेतू सफळ होण्यास अशी माणसे लागतात. पुढे २००७ साली टाटा संस्थेचा हा विभाग नवी मुंबईत खारघर येथे नेण्यात आला.

परंतु आमच्या मते डॉ. अडवाणी यांचे थोरपण एका गाजलेल्या रोपणापेक्षा दुसऱ्या एका शांत कामात अधिक आहे. मज्जारोपणाचा लाभ फार थोड्यांना होऊ शकतो. रक्ताच्या कर्करोगाची बहुसंख्य मुले औषधांनीच बरी व्हावयाची असतात. अमेरिकेत १९८० च्या दशकापर्यंत अशी बरीच मुले बरी होऊ लागली होती. आपल्याकडे मात्र शंभरांत वीस मुलेही वाचत नव्हती. औषधे तीच, मुले तशीच, मग हा फरक का? अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे डॉ. इयान मॅग्राथ यांच्या सहकार्याने मुंबईचे टाटा रुग्णालय, चेन्नईची कर्करोग संस्था व दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांनी एक समान उपचारक्रम हाती घेतला. ‘एमसीपी-८४१’ हे त्याचे नाव. चेन्नईच्या डॉ. व्ही. शांता व मुंबईचे डॉ. अडवाणी हे त्यातील प्रमुख होते. आपली रुग्णालये, आपली रक्तपेढी व आपल्या मुलांचे कुपोषण या सर्वांस झेपेल एवढीच तीव्रता त्यात ठेवली होती. या क्रमाने बरे होणाऱ्या मुलांचे प्रमाण संस्थापरत्वे शंभरांत पंचेचाळीस ते साठपर्यंत गेले. वीस वर्षांच्या अनुभवाचा हा वृत्तांत २००५ साली युरोपातील एका मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्या वृत्तांतातील एक गोष्ट आम्हांस फार बोधप्रद वाटते. आरंभी जी मुले दगावली त्यांतील पुष्कळशी रोगाने नव्हे, तर उपचार चालू असता झालेल्या जंतुसंसर्गाने वा रक्तस्रावाने दगावली. जसजशी शुश्रूषा सुधारली, तसतसे हे मृत्यू घटले. म्हणजे औषध बदलले नाही. रुग्णाची देखभाल बदलली, आणि तेवढ्याने मुले वाचू लागली. वेळेवर मिळालेली रक्ताची पिशवी, ताप येताच केलेली धावपळ, स्वच्छ हात व स्वच्छ पाणी यांचे मोल महागड्या औषधाइतकेच आहे, हा डॉ. अडवाणी व त्यांचे सहकारी यांच्या रुग्णसेवेचा सारांश होय. वैद्याने जगातील उत्तम उपचार शोधावा हे खरेच. पण समोरच्या रोग्यास शेवटपर्यंत पुरा करता येईल असा उपचार देणे हे त्याहून कठीण असते. स्वतः चाकांच्या खुर्चीतून रुग्णाच्या खाटेशी जाणाऱ्या डॉक्टरला, शरीराच्या मर्यादा मान्य करूनही पुढे कसे जावे, हे पुस्तकातून शिकावे लागले नसावे. शिवाय ज्यास स्वतःला एकदा ‘तुमच्याने होणार नाही’ असे सांगितले गेले, तो दुसऱ्यास तसे सांगण्यापूर्वी दहादा विचार करीत असला पाहिजे. टाटा रुग्णालयातील दीर्घ सेवेनंतरही त्यांनी मुंबईतील इतर रुग्णालयांतून हे कार्य चालू ठेवले व अनेक तरुण डॉक्टर तयार केले. सरकारने त्यांस २००२ साली पद्मश्री व २०१२ साली पद्मभूषण देऊन गौरविले.

येथवर डॉक्टरांचे काम झाले. आता आपले. रक्ताच्या कर्करोगाचा बालकांवरील उपचार जवळजवळ दोन वर्षे चालतो. पहिल्या महिना-दीड महिन्यातच मूल हिंडूफिरू लागते, गालावर रंग येतो, आणि आईबापांना वाटते की बरे झाले. मुंबईचा खर्च झेपत नाही, शेती वा दुकान बंद पडले आहे, घरी दुसरी मुले आहेत. म्हणून ते मुलास घेऊन गावी येतात आणि परत जात नाहीत. काही महिन्यांनी रोग उलटतो, व तेव्हा तो औषधाला पहिल्यासारखा वाकत नाही. मुळाक्षरे आली म्हणून शाळा सोडणारा विद्यार्थी जसा चार वर्षांनी तीही विसरतो, तसाच हा प्रकार. डॉक्टर कितीही थोर असला तरी तो कोल्हापूरच्या घरी येऊन मुलास परत नेऊ शकत नाही. ते काम शेजाऱ्याचे, नातलगाचे, ज्ञातिबांधवाचे आहे.

आपल्याकडून मुंबईस जाणाऱ्या रुग्णाची वाट आपणांस परिचित आहे. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघावे, पहाटे दादरला उतरावे, आणि मग परळपर्यंत जावे. रेल्वे कर्करुग्णास भाड्यात सवलत देते. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. दादर येथे गाडगे महाराजांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत गरीब कर्करुग्णांची व त्यांच्या माणसांची सोय होते. तरीही आपले कित्येक बांधव कर्ज काढतात, कारण या गोष्टी त्यांस कोणी वेळेवर सांगत नाही. आणि सांगणार कसे? घरात कर्करोग आहे हेच मुळी ते सांगत नाहीत.

या लपवाछपवीविषयी आम्ही स्पष्ट लिहू इच्छितो. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ या म्हणीचा आपण फार गैरउपयोग केला आहे. मुलीच्या लग्नात अडचण येईल, सोयरीक मोडेल, लोक घराण्यात दोष काढतील, या भीतीने आईच्या छातीतील गाठ वर्षभर झाकली जाते आणि मुलाच्या रक्ताचा रोग ‘कावीळ’ म्हणून सांगितला जातो. कर्करोग हा संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने तो होत नाही. रक्ताचा कर्करोग बहुतांशी आनुवंशिकही नसतो. मग ज्या भीतीपायी माणूस मुकतो, तिला आधार कोणता? वधूवरांच्या पत्रिका जमविताना ज्या घरातील रोगी उपचार पुरा करून बरा झाला, त्या घराकडे आपण धैर्याचे घर म्हणून पाहावयास शिकले पाहिजे. हे काम डॉक्टरांचे नाही. ते वधूवर मेळावे भरविणाऱ्या आपल्यासारख्या मंडळांचे आहे.

येथे एक शास्त्रीय गोष्ट सांगण्यासारखी आहे. मज्जा जुळण्यास रक्तगट जुळणे पुरेसे नसते. पेशींवरील काही खुणा जुळाव्या लागतात, व त्या निम्म्या आईकडून आणि निम्म्या बापाकडून येतात. म्हणून सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक असतो. पूर्वी घरात पाच-सहा भावंडे असत, आता एक-दोन. भावंड न जुळल्यास अलीकडे आईबापांची अर्धी जुळणारी मज्जाही वापरता येते, अथवा परक्या दात्याचा शोध घ्यावा लागतो. असा दाता एकाच पूर्वजपरंपरेच्या लोकांत सापडण्याचा संभव अधिक असतो. पिढ्यान् पिढ्या आपसांत सोयरिकी करणाऱ्या ज्ञातींच्या बाबतीत याचा अर्थ काय, तो वाचकांच्या ध्यानी आलाच असेल. आपल्यातील एखाद्या मुलाशी जुळणारी मज्जा याच स्मरणिकेच्या एखाद्या वाचकाच्या हाडांत असू शकेल. आणि त्याने नाव नोंदविलेले नसल्यामुळे तो कधीच सापडणार नाही. भारतात अशा ऐच्छिक दात्यांच्या नोंदवह्या आहेत. गालाच्या आतील बाजूस कापसाचा बोळा फिरवून दिला की नाव नोंदविले जाते. अर्थात एकदा नोंदविलेले नाव ज्या कोणास जुळेल त्याच्या कामी येते, मग तो कोणत्याही ज्ञातीचा वा धर्माचा असो. आणि तसेच असावयास हवे. रक्ताच्या पिशवीवर गट लिहितात, ज्ञाती लिहीत नाहीत.

आमच्या नगरीस एक मोठी परंपरा आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ सालापासून निरनिराळ्या ज्ञातींच्या विद्यार्थ्यांसाठी येथे वसतिगृहे उभारविली. खेड्यातील मुलगा शिक्षणासाठी शहरात येतो तेव्हा बुद्धी त्याची असते, परंतु छप्पर व दोन वेळचे अन्न समाजाने द्यावयाचे असते, हे तत्त्व महाराजांनी ओळखले होते. आज खेड्यातील रोगी उपचारासाठी मुंबईस जातो, तेव्हाही तेच तत्त्व लागू आहे. विद्या डॉक्टरांची, छप्पर, अन्न, रक्त व सोबत आपली.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीस आमची तीन गोष्टींची विनंती आहे. पहिली, प्रत्येक शाखेने वर्षातून किमान दोनदा रक्तदान शिबिर भरवावे. बिंबिका पाच दिवसांहून अधिक टिकत नाहीत, म्हणून अशा दात्यांची दूरध्वनी क्रमांकांसह यादी सदैव तयार ठेवावी. दुसरी, तरुण सभासदांची अस्थिमज्जादाते म्हणून नोंदणी वधूवर मेळाव्याच्या दिवशीच, त्याच मंडपात करावी. तिसरी, शिष्यवृत्ती निधीच्या धर्तीवर रुग्णसाहाय्य निधी उभारावा आणि मुंबईस राहणाऱ्या बांधवांपैकी दोघा-तिघांनी, उपचार अर्धवट टाकून कोणी परत येत नाही ना, याकडे लक्ष देण्याचे काम अंगावर घ्यावे. यास फार द्रव्य लागणार नाही. मज्जा देणाऱ्या त्या भावाने १९८३ साली तरी द्रव्य कोठे दिले होते? पुढील स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीशेजारी रक्तदात्यांची व मज्जादात्यांची यादी छापलेली पाहावयास मिळावी, अशी आमची इच्छा आहे.